आप्पा आणि आठ कॉपी

मुंबईत कुणालाही पत्ता विचारा, तो हात लांब करून दिशा दाखवतो. आमच्या आप्पांना पत्ता विचारला की ते आधी विचारतात, "कशासाठी?"

कारण आप्पांच्या डोक्यातली मुंबई रस्त्यांची नाही, कामांची आहे. छत्रीची काडी बदलायची तर एक ठिकाण, मिक्सरच्या भांड्याची पाती बदलायची तर दुसरं, मनगटी घड्याळात सेल टाकायचा तर तिसरं. ठिकाण जितकं लांब, तितकी आप्पांना त्याची खात्री जास्त. आम्ही राहतो मुलुंड पूर्वेला. तिथून पायी जाता येईल असं एकही दुकान त्यांच्या यादीत नाही. "जवळ आहे म्हणून गेलात ना?" हे वाक्य ते अशा आवाजात म्हणतात की मिक्सर छान चालत असला तरी माणूस घरी जाऊन तो पुन्हा उघडून बघतो.

पण हे सगळे त्यांचे किरकोळ विषय. ज्या विषयात ते दुसऱ्या कुणाला तोंड उघडू देत नाहीत, तो विषय म्हणजे पासपोर्ट साइझ फोटो.

असा माणूस मोठ्या शहरातच तयार होतो. लहान गावात फोटोवाला एक. त्याच्याकडे जायचं, तो म्हणेल तसं बसायचं आणि शाळेच्या दाखल्यापासून सोसायटीच्या कर्जापर्यंत तोच चेहरा चिकटवत राहायचं. निवडच नाही तिथे तज्ज्ञ कशाला लागतो? मुंबईत मात्र स्टेशनच्या जिन्याखाली फोटो निघतो, झेरॉक्सवाल्याकडे निघतो, औषधांच्या दुकानाच्या माळ्यावर निघतो, व्हिसा केंद्राच्या दारात निघतो आणि गिरगावात लाकडी जिना चढून गेलात तर अजून पडद्यासमोर बसवूनही निघतो. एवढी स्थळं सांगून आल्यावर पत्रिका बघणारा कुणीतरी हवाच. आमच्या सोसायटीत ते काम आप्पा करतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही, आणि काढून टाकायचा अधिकारही कुणाकडे नाही.

आप्पा नोकरीला एका सरकारी कार्यालयात आवक विभागात होते. कार्यालयाचं नाव सांगून उपयोग नाही. लोक तिथे अर्ज आणत आणि आप्पा ते परत करत. परत करायची कारणं पुष्कळ असत, पण आप्पांचं लाडकं कारण फोटो. फोटोत मिशी आहे, तुम्हाला नाही. सही निम्मी फोटोवर आणि निम्मी कागदावर हवी, ही सगळी तुमच्या नाकावर आली आहे. गोंद इतका लावलाय की गालाला फोड आलाय. फोटोला टाचणी कुठे मारावी यावर आप्पांचं स्वतंत्र मत होतं: कपाळात कधीच नाही, वरच्या कडेला, आणि केस दाट असतील तर केसांत, म्हणजे भोक दिसत नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी माणसं साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरमध्ये पाहिली. त्यामुळे आजही कुणी नवा माणूस समोर आला की आप्पा नमस्कार नंतर करतात; आधी नजरेनं हनुवटीपासून टाळूपर्यंतचं माप घेतात.

आमच्या भाच्यानं आम्हा दोघांना जर्मनीला बोलावलं, ही बातमी आप्पांना लिफ्टमध्ये समजली. अभिनंदन वगैरे काही नाही.

"जर्मनी म्हणजे शेंगेन," ते म्हणाले. "चेहरा ३२ ते ३६ मिलिमीटर. हनुवटीपासून टाळूपर्यंत. वरचे केस मोजायचे नाहीत." मग माझ्या डोक्याकडे बघून, "तुमचा तो प्रश्न नाही म्हणा. पण जे आहेत ते पांढरे आहेत. पांढऱ्या पडद्यावर पांढरे केस! अहो लेखकमहाशय, कान संपले की तुम्ही संपलात."

मी म्हटलं, "खाली झेरॉक्सवाला काढतो की."

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. आप्पांचा मजला वरचा, पण ते माझ्याबरोबर बाहेर पडले, माझ्या घरी आले, खुर्चीत बसले आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, चहा ठेवा. हे झेरॉक्सवाल्याकडे निघालेत."

झेरॉक्सवाला म्हणजे आमच्याच इमारतीच्या पायथ्याशी असलेला एक गाळा. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन, आधार, भाडेकरार आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून, पासपोर्ट फोटो. एकच मुलगा हे सगळं बघतो. फोटो काढायचा असला की तो माणसाला गाळ्याबाहेर ऑइलपेंटच्या भिंतीला पाठ लावून उभं करतो आणि मोबाइलवर टिपतो. मागची भिंत सॉफ्टवेअर खोडून काढतं. आप्पांचा आक्षेप त्या खोडण्याला. "मागचं खोडताना ते पुढचंही थोडं खोडतं. तळमजल्यावरच्या मास्तरांचा डावा कान बघा. म्हणजे फोटोत बघा. आहे का?"

दुसरा वर्ग स्टेशनसमोरच्या कलर लॅबचा. तिथली यंत्रं उत्तम, दिवे उत्तम, पाच मिनिटांत फोटो हातात. दुखणं असं की तिथली मुलं फोटो 'साफ' करतात. आधी एक पुटकुळी काढतात. मग डोळ्यांखालचं काळं काढतात. मग हात थांबत नाही आणि माणूस दोन छटा गोरा होऊन बाहेर येतो. गिऱ्हाईक खूष होतं, घरी जाऊन तोच फोटो लग्नाच्या स्थळालाही पाठवतं. पण व्हिसाच्या फोटोत असा फेरफार चालत नाही. अमेरिकेच्या नियमांत तर चेहऱ्यात डिजिटल बदल करू नये असं स्पष्टच म्हटलेलं आहे. आप्पांच्या चुलतबहिणीच्या उजव्या गालावर तीळ आहे. फॉर्मात ओळखीची खूण म्हणून तिनं तो लिहिलाही होता. लॅबमधल्या मुलानं तो साफ केला. "म्हणजे कागदावर तीळ आहे, चेहऱ्यावर तीळ आहे आणि फोटोत नाही," आप्पा म्हणाले. "आता खोटं कोण? सांगा!" आम्ही दोघं चहाचे कप धरून गप्प.

फोटोवाला कसा आहे हे ओळखायची आप्पांची एक परीक्षा आहे. ते दुकानात शिरून विचारतात, "आठच कॉपी का देता?" बहुतेक मुलं म्हणतात, "काका, आठच असतात." ती नापास. खरं कारण असं, की प्रिंट निघते चार बाय सहा इंचांच्या कागदावर, आणि त्यावर साडेतीन बाय साडेचारचे फोटो चार-चारच्या दोन ओळींत बसतात. म्हणून आठ. अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो दोन इंची चौकोन. तो त्याच कागदावर बरोबर सहा वेळा बसतो आणि कागदाचा एक दोराही वाया जात नाही. हे ज्याला ठाऊक आहे त्याला माप समजतं, आणि ज्याला माप समजतं त्याच्यासमोर डोकं धरायला हरकत नाही, असं आप्पांचं तर्कशास्त्र. मला ते पटतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

जुन्या स्टुडिओंबद्दल बोलताना मात्र आप्पांचा आवाज उतरतो. बॅलार्ड इस्टेटमध्ये व्हिक्टर ससूननी १९२८ साली सुरू केलेला हॅमिल्टन स्टुडिओ आहे. त्याच्या दारावरून जाताना ते चालायचा वेग कमी करतात. गिरगावातल्या एका स्टुडिओत त्यांनी स्वतःचा पहिला पासपोर्ट फोटो काढला होता. तिथल्या खुंटीवर कोट असायचा, मागून पार उसवलेला, म्हणजे सडपातळ माणसापासून पहिलवानापर्यंत सगळ्यांना पुढून बरोबर बसणारा. टायला गाठ नव्हती, इलॅस्टिक होतं. आरशापाशी पावडरचा डबा आणि दोरीनं बांधलेला कंगवा. मालक पेन्सिलीची टोकं सुईसारखी करून निगेटिव्हवर रिटचिंग करत. फोटो "उद्या या" म्हणून मिळायचा, छोट्या कागदी पाकिटात, पाकिटावर निगेटिव्हचा नंबर. पुन्हा कॉपी हव्या असतील तर नंबर सांगायचा. आप्पांना तो नंबर अजून पाठ आहे. मुलीचा मोबाइल नंबर पाठ नाही.

मग चार भिंगांचे पोलरॉइड कॅमेरे आले, एका दाबात चार फोटो. मग तेही गेले. पोलरॉइड कंपनीनं २००८ साली ती फिल्म बनवणंच थांबवायचं जाहीर केलं. आप्पा या काळाबद्दल फारसं बोलत नाहीत. हलवून वाळवायच्या फोटोवर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

तर आमच्यासाठी आप्पांनी निवडलं ते फोर्ट. बोरा बाजाराच्या बाजूला, कॅमेऱ्यांच्या दुकानांच्या मधल्या एका बोळात भाईंचं दुकान आहे. रविवारी बंद, शनिवारी गर्दी, सकाळी भाईंची पूजा, दुपारी जेवण. "मंगळवारी साडेअकरा," आप्पा म्हणाले. "माझ्याबरोबर." कपडे कुठले घालायचे तेही त्यांनी सांगितलं. पांढरा शर्ट नको, तो मागच्या पडद्यात विरघळतो आणि नुसतं मुंडकं उरतं. बायकोला म्हणाले, "वहिनी, साडी गडद. टिकली चालेल. चष्मा मात्र काढावा लागेल." जर्मनांना चष्मा चालतो, काचेवर चमक येता कामा नये एवढंच, हे त्यांनीच पाठोपाठ सांगितलं, पण अमेरिकेनं १ नोव्हेंबर २०१६ पासून व्हिसाच्या फोटोत चष्मा बंद केला आहे, आणि आप्पांच्या मते पुढेमागे सगळे अमेरिकेचंच ऐकतात.

गाडीत विक्रोळीपासून कुर्ल्यापर्यंत त्यांनी आम्हाला पासपोर्टवर फोटो आला कसा याची हकिगत सांगितली. ही हकिगत खरी आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी बहुतेक पासपोर्टांवर फोटो नसायचाच. नाक सरळ, कपाळ रुंद असं वर्णन लिहायचे. १९१४ साली कार्ल लोडी नावाचा जर्मन हेर चार्ल्स इंग्लिस नावाच्या एका खऱ्याखुऱ्या अमेरिकन प्रवाशाचा पासपोर्ट घेऊन ब्रिटनमध्ये हिंडत राहिला. पकडला गेला, त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये गोळ्या घातल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेनं पासपोर्टला फोटो सक्तीचा केला आणि पाठोपाठ ब्रिटननंही. "एका जर्मनानं हरामखोरी केली," आप्पा म्हणाले, "आणि आज तुम्ही जर्मनीलाच जायला फोटो काढताय." समोरच्या बाकावरचे गृहस्थ पेपर खाली करून ऐकत होते. त्यांना मुलाच्या कॅनडाच्या फोटोबद्दल विचारायचं होतं. सायनपर्यंत आप्पांनी त्यांचंही काम करून टाकलं.

भाईंचं दुकान एवढं अरुंद, की फोटो काढून घेणारा आणि फोटो काढणारा सोडून तिसऱ्यानं आत यायचं म्हणजे श्वास रोखून. भिंतीवर देशांचा तक्ता, लॅमिनेट केलेला: देश, माप, मागचा रंग, चष्मा, मॅट की ग्लॉसी. भाई चेहऱ्याकडे बघत नाहीत. "कौनसा देश?" विचारतात, आणि देश ऐकून स्टुलाची उंची बदलतात. माझ्याआधी एक चीन बसला होता, ३३ बाय ४८ मिलिमीटर. माझ्यामागे दोन अमेरिका उभ्या होत्या. आप्पांनी माझ्या केसांचा मुद्दा काढला. भाईंनी न बोलता पांढऱ्या पडद्यावर फिकट करडा पडदा ओढला. जर्मनांच्या नमुन्याच्या तक्त्यात केस पांढरे असतील तर मागे करडा रंग चालतो, ही गोष्ट त्या बोळात दोघांना ठाऊक होती आणि दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. दोन गवयांनी समेवर मान हलवावी, तशी.

"हनुवटी खाली. एवढी नाही. मान डावीकडे. साहेब, तुमची डावी." भाई आता मराठीत आले होते. "डोळे मोठे नका करू. हसू नका."

"मी हसत नाहीये."

"जरा चेहरा नॉर्मल ठेवा."

"हा नॉर्मलच आहे," दारातून बायको म्हणाली.

तिची पाळी आली तेव्हा चष्मा काढलेला, त्यामुळे तिला कॅमेरा दिसेना. "कुठे बघू?" तिनं विचारलं. भाई म्हणाले, "आवाजाकडे." त्या फोटोत ती भिंतीपलीकडे कुणी काय बोलतंय ते ऐकत असल्यासारखी दिसते. आप्पांच्या मते तो त्या दिवशीचा सर्वोत्तम फोटो.

माझाही वाईट आला. म्हणजे नियमात बसणारा आला. हसायला बंदी का, याचं आप्पांकडे उत्तर आहे आणि तेही बरोबर आहे. २००३ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं ओळख पटवण्याची मुख्य खूण म्हणून चेहरा धरला. बोटांचे ठसे, बुबुळं त्याच्या मागे. तेव्हापासून फोटो आधी यंत्र वाचतं आणि मग माणूस. यंत्र डोळ्यांतलं, नाकातलं, ओठांच्या कोपऱ्यांमधलं अंतर मोजतं, आणि हसलं की ही अंतरं बदलतात. त्यामुळे पासपोर्ट फोटो हा आयुष्यातला असा एकच फोटो, की जो कुणाला आवडला पाहिजे अशी अटच नाही. बायकोनं तरी फोटो हातात घेऊन, "मी अशी दिसते?" असं विचारलंच. आप्पा आणि भाई एकदम म्हणाले, "असाच हवा."

तिकिटं, उडप्याकडचा उपमा आणि आप्पांची दोन वेळची कॉफी यांच्यापुढे फोटोंचा खर्च काहीच नव्हता. हे मी हिशेब म्हणून सांगतोय, तक्रार म्हणून नाही. आप्पांबरोबर फोटो काढायला गेलं की फोटो हा त्यातला सगळ्यात छोटा भाग असतो. मधेच घड्याळाचा सेल निघतो, चष्म्याचा स्क्रू निघतो, आणि परतीच्या गाडीत पिशवीत नसती एक छत्रीची काडी असते.

आप्पांचं एकच मोठं दुःख आहे, आणि ते भारत सरकारनं दिलेलं आहे. आपला पासपोर्ट काढायचा तर मोठ्या माणसानं फोटो न्यायचाच नाही. पासपोर्ट सेवा केंद्रात ए, बी, सी असे काउंटर. ए काउंटरवर कागद तपासतात, बोटांचे ठसे घेतात आणि तिथल्याच छोट्या कॅमेऱ्यानं फोटो काढतात. भाई नाहीत, पडदा ओढणं नाही, "तुमची डावी" नाही. टोकन लागलं, बसा, झालं, उठा. ज्या एका कागदाच्या नावावरून या फोटोला पासपोर्ट साइझ म्हणतात, नेमका त्या कागदासाठी शहरातला कुठलाही फोटोवाला चालत नाही. ही पद्धत नवी होती तेव्हा आप्पा तरीही आठ कॉपी घेऊन गेले होते. काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून त्या परत दिल्या. आयुष्यभर फोटो परत करणाऱ्या माणसाला फोटो परत!

दुसरा कुणी असता तर शरण गेला असता. आप्पांनी त्यातूनही वाट काढली. मुंबईत मालाड, अंधेरी, लोअर परळ अशी केंद्रं, आणि अर्ज भरताना केंद्र आपल्याला निवडता येतं. फोटोवाला निवडता येत नाही? ठीक. केंद्र निवडू! आप्पांनी सोसायटीतल्या झाडून सगळ्यांचे नवे पासपोर्ट मागवून पहिल्या पानाचा अभ्यास केला. कुठल्या केंद्रात दिवा डोक्यावर येतो आणि डोळ्यांखाली सावली पडते, कुठे समोरून उजेड आहे, कुठे खुर्ची बुटकी असल्यानं सगळे वर बघतात, याचे निष्कर्ष त्यांच्या वहीत आहेत. दिवा डोक्यावर कुठे येतो ते मी इथे लिहीत नाही. उगाच लोक अपॉइंटमेंट बदलायला धावतील. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीनं मात्र खरंच त्या वहीप्रमाणे केंद्र घेतलं. तिचा फोटो चांगला आला. ती दिसायलाच चांगली आहे, हे आप्पा विचारात घेत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आप्पांची लेक बाळंतपणाला दुबईहून माहेरी आली. मुलगा झाला. दोन महिन्यांनी परत जायचं तर बाळाला पासपोर्ट हवा, आणि चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो केंद्रात काढत नाहीत, तो आपणच न्यायचा असतो: साडेतीन बाय साडेचार, मागचा रंग पांढरा. हा नियम वाचून आप्पांना जो आनंद झाला, तो नातू झाल्याच्या आनंदापेक्षा कमी नव्हता. त्यांनी लगेच भाईंना फोन लावला. काकूंनी तो काढून घेतला. "दोन महिन्यांचं बाळ लोकलनं फोर्टला न्यायचं नाही," काकू म्हणाल्या. "आणि टॅक्सीनंही नाही. फोटो घरात निघेल."

घरात! आप्पांना पायी जाण्याजोगं दुकान चालत नव्हतं, तिथे आता फोटो त्यांच्याच पलंगावर निघणार होता.

बाळाचा फोटो घरी काढायची रीत सोपी आहे. पांढऱ्या कापडावर त्याला उताणं निजवायचं आणि वरून फोटो घ्यायचा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दुसऱ्या कुणाचा हात दिसायला नको. घरातल्या पांढऱ्या चादरींना एकीला निळी किनार, दुसरीला फुलं. शेवटी आप्पांच्या आईंनी ट्रंकेतून आपल्या यजमानांचं धोतर काढून दिलं, घडी न मोडलेलं. पण अट घातली. बाळाच्या कपाळाची तीट पुसायची नाही.

ती तीट रुपयाएवढी होती. काजळ वेगळं.

"आई, हा चेहऱ्यात फेरफार होतो," आप्पा म्हणाले.

"मग लिही फॉर्मात. ओळखीची खूण: कपाळावर तीट."

"आजी, पासपोर्ट पाच वर्षं चालतो," लेक म्हणाली.

"मी पाच वर्षं लावीन की."

या पेचावर आप्पा बराच वेळ येरझाऱ्या घालत होते. वाटाघाटींतून तीट कानामागे गेली. कान दिसले पाहिजेत, कानामागचं दिसलं पाहिजे असं कुठेच म्हटलेलं नाही, हा आप्पांचा तोडगा. आवक विभागाचा अनुभव असा कधी उपयोगी पडतो. मग काकू स्टुलावर चढल्या. लेकीनं बाळाच्या मुठी धोतराखाली धरल्या. आप्पांनी वर खुळखुळा धरला आणि दर वेळी त्यांचा हात फोटोत आला. बाळानं जांभई दिली, शिंक दिली, जीभ काढली, धोतर ओलं केलं. ते उलटं करून पुन्हा अंथरलं. खिडकीचा उजेड सरकत चालला होता आणि आप्पा सावलीवर बोलत होते, तेवढ्यात बाळानं खुळखुळ्याकडे, म्हणजे वर, एकदम वरिष्ठ कारकुनासारखं पाहिलं. काकूंनी बटण दाबलं.

"आला," काकू म्हणाल्या.

फोटो खरंच चांगला होता. आप्पांना त्यात काही सापडेना. पण प्रिंट राहिली होती, आणि प्रिंट म्हणजे कागद. "मॅटला भांडुप बरं," ते म्हणाले. "ग्लॉसीला घाटकोपर, पण गुरुवारी तो बंद. पेन ड्राइव्हवर घ्या, मोबाइलवरून पाठवलं की फोटो दबतो…"

ते बोलत असताना दाराची बेल वाजली. खालचा झेरॉक्सवाला मुलगा, हातात पाकीट. काकूंनी स्टुलावरून उतरायच्या आधीच त्याला फाइल पाठवून दिली होती.

आप्पांनी पाकीट घेतलं. आठ कॉपी होत्या. त्यांनी कपाटातून फूटपट्टी काढली, भिंग काढलं, चष्मा पुसला. पस्तीस. पंचेचाळीस. कागद वाकवून पाहिला. कडा बघितल्या, त्या कात्रीच्या नव्हत्या, कटरच्या होत्या. बाळाचे कान दोन, जावळ जसंच्या तसं, धोतराची सुरकुती गेलेली पण गालाला हात लावलेला नाही. आप्पांनी मुलाकडे असं पाहिलं, की तो बिचारा म्हणाला, "काका, काही चुकलं का?"

"आठच का आणल्यास?"

"चार-सहाच्या कागदावर आठच बसतात ना, काका."

आप्पा खुर्चीत बसले. "तू शिकलास कुठे?"

"फोर्टला होतो. बोरा बाजारात, भाईंकडे. गावी जायच्या आधी."

"तरीच!" आप्पा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पासपोर्टला न चालणारं हसू आलं.

आता सोसायटीत कुणाला फोटो काढायचा असला की आप्पा स्वतः त्याला खाली घेऊन जातात आणि गाळ्याच्या दाराशी आवाज लहान करून सांगतात, की ही फोर्टची शाखा आहे. मुलाला याची कल्पना नाही. परवा त्यानं फोटोचा दर वाढवला, तेव्हा लोकांनी कुरकुर केली. आप्पा म्हणाले, "फोर्टला हाच आहे."